नानांची नागीण आणि चौथ्या मजल्यावरचा वॉर्ड

तारे द्यायचेच तर पाचपैकी तीन. एक ऑपरेशनचा, एक किडनीच्या डॉक्टरांचा आणि एक चौथ्या मजल्यावर संध्याकाळी पेशंटचं अंग पुसायला येणाऱ्या बाईंचा. बिलिंगला आणि रात्रपाळीला माझ्याकडून काही नाही. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण त्या बाई अजून तिथंच कामाला आहेत आणि त्यांनी जे केलं ते त्यांच्या कामात बसत नव्हतं.

मी इंदूरच्या कपडा मार्केटात एका पेढीवर हिशेब लिहिते. अठ्ठावीस वर्षं झाली. कुठंही गेलं की आधी वही निघते, ही सवय घरच्यांच्या चेष्टेचा विषय आहे. हॉस्पिटलातही पहिल्या दिवसापासून वही होती: किती वाजता कुठलं औषध, लघवी किती मिली, कोण डॉक्टर किती वाजता आले आणि किती मिनिटं थांबले. पुढं ह्या वहीचं काम पडलं म्हणून आधीच सांगून ठेवते.

पेशंट म्हणजे आमचे नाना, माझे वडील, वय 81. लोकमान्य नगरात घर. नोकरी मिलच्या टाइम ऑफिसात. कोण कामगार किती वाजता आत आला, किती मिनिटं उशीर झाला, हे लिहिण्यात सगळी उमर गेली. (वहीची सवय मला कुठून आली हे आता वेगळं सांगायला नको.) मिल बंद पडून तीस वर्षांवर झाली, तरी नाना पहाटे भोंग्याच्या वेळेलाच उठतात. शुगर आहे. संधिवातासाठी दीड वर्षापासून स्टिरॉइडची 10 मिलीग्रामची गोळी रोज चालू. क्रिएटिनिन 1.9, म्हणजे किडनी थकलेली. रंगपंचमीच्या तीन दिवस आधी, रविवारी सकाळी, बाथरूममध्ये पाय घसरला आणि उजवा खुबा मोडला.

ऑपरेशनबद्दल तक्रार नाही. सोमवारी दुपारी बॉल बदलला, मंगळवारी फिजिओथेरपीच्या मुलीनं वॉकर देऊन उभं केलं. हाडाचे डॉक्टर कमी बोलतात, पण जे बोलतात तसंच होतं. खोली दोघांत एक. सोबत राहणाऱ्यासाठी जो बाक दिलाय त्यावर झोपायचं म्हणजे एका कुशीवरच, वळायचं असेल तर उठून. कँटीनमधले पोहे थंड, वाफेवर ठेवलेले नाहीत, वर भुरभुरायचा जीरावन मसाला मागितला तर ‘खत्म हो गया’. इंदूरमध्ये राहून पोहे थंड देणाऱ्याचा खरं तर अर्धा तारा कापायला हवा. पलंगाच्या पायथ्याशी हात साफ करायच्या द्रवाची बाटली अडकवलेली असते, ती मंगळवार ते गुरुवार रिकामी होती. बाहेर रस्त्यावर कचऱ्याची गाडी गाणं वाजवत ओला-सुका वेगळा मागते, स्वच्छतेत 2017 पासून सलग सात वेळा देशात पहिला नंबर आपला, आणि आत बाटली तीन दिवस रिकामी. असो.

गोष्ट बुधवारी सुरू झाली. रंगपंचमी होती, राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघालेली, अर्धा स्टाफ सुट्टीवर. सकाळी नानांची लघवीची नळी काढली. दुपारी दोनपर्यंत एक थेंब नाही. आणि गंमत अशी की नानांना लागलीसुद्धा नव्हती. पोट टम्म, पण विचारलं की म्हणत, ‘‘नाही गं, काही वाटत नाहीये.’’ पुन्हा नळी घातली तर 1,100 मिली निघाली. मी वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. मोठे डॉक्टर नव्हते. ड्यूटीवरच्या मुलानं सांगितलं, ह्या वयात प्रोस्टेट असतोच, ऑपरेशननंतर असं होतं, गोळी सुरू करू. बरोबरच होतं ते, दहापैकी नऊ जणांत तसंच निघत असेल. पण भरलेलं पोट असून माणसाला कळत कसं नाही, हे मी विचारलं, त्यावर उत्तर आलं नाही. प्रोस्टेटवाल्या माणसाला लागलेली असते, होत नसते. आमच्या शेजारचे काका दोन वर्षं त्या त्रासात होते, त्यांचा आरडाओरडा सबंध गल्लीनं ऐकलाय.

गुरुवारी नाना म्हणाले, उजव्या कुल्ल्यावर कुणी निखारा ठेवल्यासारखं होतंय. सिस्टरनं वरून बघितलं, कातडी जरा लाल, म्हणाली पडून पडून झालं असेल. पावडर लावली, हवेची गादी आणायला सांगितली (आमच्या पैशानं). दुखणं वाढलं तशी डायक्लोफिनॅकची इंजेक्शनं चालूच होती. पोटही तीन दिवस साफ नव्हतं. ते ऑपरेशनच्या औषधांवर ढकललं गेलं. प्रत्येक गोष्टीला एकेक कारण तयार होतं. लघवीला प्रोस्टेट, कुल्ल्याला गादी, पोटाला गोळ्या. तीन कारणं, आणि तिन्ही जागा शरीरात वीतभर अंतरावर.

शुक्रवारी शीतला सप्तमी. आमच्या वॉर्डात अंग पुसायला येणाऱ्या ज्या बाई, सगळे त्यांना जीजी म्हणतात. मालव्यातल्या, साठीच्या आसपास. त्या दिवशी आदल्या रात्रीचं थंड जेवण डब्यात घेऊन आल्या होत्या आणि मला त्यातली पुरी देत होत्या. मग नानांना कुशीवर वळवलं, पाठ पुसली, खाली गेल्या आणि हात थांबला. ‘‘बाई, बाबूजी को तो मकड़ी फिर गई।’’ मी वाकून बघितलं. कुल्ल्याच्या उजव्या अर्ध्यावर, आतल्या बाजूनं मांडीकडे, पाण्यानं भरलेल्या बारीक फोडांचे घोस. मधल्या रेघेच्या डावीकडे एकही नाही, जणू पट्टी ठेवून आखलंय. मकडी म्हणजे कोळी. इकडे अशा फोडांना मकडी फिरली म्हणतात. आम्ही घरात ज्याला नागीण म्हणतो तीच ही असणार, हे माझ्या डोक्यात तेव्हाच आलं.

जीजींनी हातमोजे काढले, नवे घातले, फोडांवर कोरडी जाळी ठेवली आणि स्वतः जाऊन सिस्टरला सांगितलं. त्या दिवशी मी जे पाहिलं त्यावरून एक कळलं. हॉस्पिटल निवडताना आपण थिएटर किती आहेत, मशीन कुठलं आहे, हे विचारतो. संध्याकाळी पाचला पाठ कोण पुसतं, हे कुणी विचारत नाही.

रात्रपाळीचे डॉक्टर साडेअकराला आले. मोबाइलचा टॉर्च लावून दोन मिनिटं बघितलं. निदान: पट्टीची ॲलर्जी. कॅलामाइन लावा. मी म्हटलं, इथं पट्टी नाहीये, पट्टी तर बाहेरच्या बाजूला खुब्यावर आहे. ते म्हणाले, ‘‘मैडम, सुबह स्किन वालों को दिखा देंगे।’’ सुबह म्हणजे शनिवारी संध्याकाळचे सहा.

स्किनच्या डॉक्टर ग्वाल्हेरच्या मराठी निघाल्या, चाळिशीच्या. खुर्ची ओढून बसल्या, ही पहिली गोष्ट मला आवडली. फोड बघितले, मग नानांना विचारलं, ‘‘काका, लहानपणी कांजण्या झाल्या होत्या का?’’ नाना म्हणाले, ‘‘झाल्या होत्या की. बावन्न साली, महूला मामाकडे. आजीनं कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं.’’ डॉक्टर म्हणाल्या, तोच विषाणू. कांजण्या बऱ्या झाल्या तरी तो शरीरातून जात नाही, पाठीच्या कण्याजवळ मज्जातंतूंच्या गाठींत जाऊन बसतो. माणसाची ताकद जिथं कमी पडते, वय, शुगर, स्टिरॉइड, मोठं ऑपरेशन, तिथं उठतो आणि ज्या नसेत बसलाय तिच्या वाटेनं कातडीवर येतो. सत्तरच्या वर वर्षं बिनभाड्यानं राहिलेला भाडेकरू.

मग मी वही पुढं केली आणि बुधवारचे 1,100 मिली दाखवले. त्यांनी नानांच्या फोडांच्या चारी बाजूंना कापसानं हळू शिवून विचारलं, कळतंय का. डाव्या बाजूला कळत होतं, उजव्या बाजूला बरंचसं नाही. त्यांनी जे समजावलं ते असं. कुल्ला, मांडीचा मागचा भाग आणि बसायची जागा, ह्या कातडीच्या नसा कण्याच्या अगदी खालच्या टोकाकडून निघतात. लघवीची पिशवी भरल्याची खबर देणाऱ्या आणि तिला पिळायला सांगणाऱ्या नसाही तिथूनच. नागीण बहुधा बरगडीवर निघते, म्हणून लघवी अडते हे फारसं पाहण्यात येत नाही. पण ह्या खालच्या मुळांत निघाली तर पिशवी मुकी होते. आतडंही मंदावतं. आणि कधीकधी फोड यायच्या आधीच. तीन वेगळी कारणं तीन दिवस फिरत होती, एकाच धाग्याची होती सगळी.

फोन देवासच्या आत्याचा आला तेव्हा डॉक्टर खोलीतच होत्या. आत्यानं पहिला प्रश्न विचारला, ‘‘तोंड आणि शेपूट भेटलंय का गं?’’ नागिणीनं कमरेला विळखा पुरा केला की माणूस जातो, हे आम्ही सगळ्यांनीच ऐकलेलं. स्पीकरवर होता फोन. डॉक्टर हसल्या नाहीत, हेही नोंदवते. म्हणाल्या, ‘‘आत्या, एका नसेची हद्द अंगाच्या मधल्या रेघेवर संपते, म्हणून ती सहसा पलीकडे जात नाही. दोन्हीकडे निघाली किंवा अंगभर पसरली, तर मात्र पेशंटची ताकद फारच कमी झालीये असं समजायचं, आणि ते खरंच धोक्याचं.’’ आत्या म्हणाली, म्हणजे आपले म्हातारे अगदीच चूक नव्हते. गेरू लावू नका, एवढं मात्र डॉक्टरांनी तिला बजावलं.

आता ज्यावर माझा राग आहे ते. शेजारच्या पलंगावर एकोणीस वर्षांचा मुलगा होता. गुडघ्याजवळच्या हाडाची गाठ, किमो चालू, डोक्यावर एक केस नाही. त्याची आई खंडव्याकडची. तिच्याशी माझी मैत्री झालेली, तिचं थर्मास आणि माझी बिस्किटं. नागिणीच्या फोडांतलं पाणी ज्याला लागलं आणि ज्याला कांजण्या झालेल्या नाहीत, लस नाही, त्याला नागीण होत नाही, कांजण्या होतात. धडधाकट पोराला त्या होऊन जातात. किमोवाल्याच्या फुफ्फुसात किंवा लिव्हरमध्ये उतरल्या तर जीव घेतात. आणि आम्ही शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत, पूर्ण चोवीस तास, त्याच्यापासून तीन हातांवर होतो, ‘पट्टीची ॲलर्जी’ म्हणून. जीजींनी जाळी ठेवली नसती तर तीही नव्हती.

शनिवारी रात्री इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर आल्या आणि तिथून पुढं हॉस्पिटल जागं झालं. हे मान्य करायला हवं. नाना स्टिरॉइडवर, त्यामुळे फोड अंगभर पसरत नाहीत ना हे कळेपर्यंत वेगळी खोली, दार बंद, आत येणाऱ्याला मास्क आणि गाऊन. हातात यादी घेऊन त्यांनी वॉर्डातल्या एकेकाला विचारलं, ‘‘छोटी माता निकली थी?’’ म्हणजे कांजण्या. नर्स, वॉर्डबॉय, चहावाला, मी. एक नर्स सहाव्या महिन्यात होती आणि तिला आठवत नव्हतं. तिला त्या क्षणी तिथून काढलं, रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला, अँटीबॉडी आहेत, म्हणजे लहानपणी कधीतरी होऊन गेल्या होत्या. त्या रिपोर्टपर्यंतचे दोन दिवस तिच्या सासूनं फोन करून सगळ्यांना हैराण केलं होतं म्हणे. मी तिच्या जागी असते तर मीही केलं असतं. त्या मुलाच्या आईला आठवलं, तिसरीत असताना झाल्या होत्या. तरी त्याचं रक्त तपासलं आणि एकवीस दिवस नजर ठेवायला सांगितलं, कारण कांजण्या बाहेर पडायला तेवढे दिवस लागू शकतात. त्याला काही झालं नाही. त्याची आई आजही फोन करते.

रात्री दहा वाजता असायक्लोव्हिर, ह्या विषाणूवरचं औषध, सुरू झालं. 800 मिलीग्रामची गोळी, दिवसातून पाच वेळा: सहा, दहा, दोन, सहा, दहा. फोड आल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झालं म्हणजे वेळेत, असं सांगितलं. मी वहीत पाच रकाने आखले.

रविवार बरा गेला. सोमवारी दुपारी नानांच्या हाताला कंप सुटला. कपातला चहा सांडला. बोलताना शब्द सापडेना, ‘चष्मा’ म्हणायचं तर ‘कुलूप’ म्हणाले आणि स्वतःच चिडले. रात्री दोन वाजता उठून बसायला लागले. ‘‘भोंगा झाला. ऐकू येत नाही का तुला? दुसरी पाळी आत यायला लागलीये, रजिस्टर कुठंय?’’ भिंतीपाशी माणसं रांगेत उभी असलेली त्यांना दिसत होती. एकेकाचं नाव घेऊन उशिराची मिनिटं सांगत होते. त्यातले बरेच जण आता ह्या जगात नाहीत, मला माहीत आहे, मी लहानपणी त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेलेली आहे. नळी ओढू नये म्हणून मी हात धरला तर म्हणाले, ‘‘बाई, आत यायचं तर गेटपास दाखवा.’’ मला. सख्ख्या मुलीला.

रात्रपाळीचे तेच डॉक्टर. ‘‘उमर है, आईसीयू जैसा माहौल है, होता है।’’ झोपेचं इंजेक्शन लिहिलं. मी देऊ दिलं नाही. भांडले. सिस्टर माझ्याकडे बघेना, पण मी दिलं नाही. मला भीती वेगळीच होती. 2021 च्या मे महिन्यात आमच्या गल्लीतले एक काका कोरोनातून सुटून घरी आले, शुगर होती, स्टिरॉइड झालेलं, आणि आठवड्यात डोळा सुजला. सर्दी म्हणून थेंब टाकले. काळी बुरशी निघाली, डोळा काढावा लागला. इंजेक्शनसाठी तेव्हा त्यांचा मुलगा पूर्ण शहरात वणवण फिरत होता. विषाणू, शुगर, स्टिरॉइड. हे तिन्ही आमच्याकडेही होते.

मंगळवारी सकाळी मेंदूचे डॉक्टर आले. विषाणू मेंदूत गेला असेल का, असा प्रश्न होता. सीटी साफ. कण्यातून पाणी काढून तपासायचं ठरलं, पण ऑपरेशननंतर रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं चालू होती, ती थांबवून थोडं थांबावं लागणार होतं. त्या मधल्या वेळात किडनीचे डॉक्टर आले. बुटके, टाय लावलेले, चालताना चपला वाजतात. (सूट आणि चपला. पाय सुजलेला असेल, मी विचारलं नाही.) त्यांनी फाइल न उघडता मला विचारलं, ‘‘वही आप रखती हैं न? दिखाइए।’’ सगळ्या वॉर्डात माझी वही बदनाम झालेली होती तर.

शनिवार रात्री 10 पासून मंगळवार सकाळी 6 पर्यंत: गोळ्या बारा. 9,600 मिलीग्राम. कंप पहिल्यांदा: सोमवार, दुपारी 3.40. ताप: एकदाही नाही. क्रिएटिनिन: भरती झालो तेव्हा 1.9, शनिवारी 2.3, मंगळवारी 3.1. त्यांनी बोट फिरवत फिरवत वाचलं आणि म्हणाले, हा मेंदूतला विषाणू नसावा, हे औषध आहे.

असायक्लोव्हिर शरीरातून किडनीच्याच वाटेनं बाहेर पडतं. किडनी थकलेली असेल तर ते, आणि शरीरात त्याचं जे रूपांतर होतं ते, साचत जातं. मग दोनतीन दिवसांत कंप, बोलण्यात घोळ, नसलेली माणसं दिसणं. मेंदूच्या संसर्गासारखंच चित्र, आणि उपाय बरोबर उलटा. संसर्ग समजून औषध वाढवलं तर पेशंट आणखी बुडतो. 81 वर्षं, 52 किलो आणि 2.3 क्रिएटिनिन म्हटल्यावर पाच नव्हे, आठ आठ तासांनी तीनच गोळ्या द्यायला हव्या होत्या. वर डायक्लोफिनॅक, जे किडनीवर आणखी ओझं. ते कुणी लिहिलं, असं त्यांनी मोठ्यानं विचारलं आणि पूर्ण नर्सिंग स्टेशन गप्प झालं. ह्या एका आवाजासाठी मी तारा दिलाय.

औषध थांबवलं, सलाइन लावलं. उद्यापर्यंत उतार पडला नाही तर एकदा डायलिसिस करू, त्यानं हे औषध धुऊन निघतं, असं सांगून गेले. बुधवारी संध्याकाळी माणसांची रांग पुसट झाली. ‘‘दोघंच राहिलेत,’’ नाना म्हणाले. क्रिएटिनिन 2.7. गोळी पुन्हा सुरू केली, दिवसातून तीनदा. गुरुवारी सकाळी मला बघून म्हणाले, ‘‘तू घरी नाही गेलीस? पेढीवर कोण आहे?’’ कण्यातून पाणी काढायची गरज पडली नाही.

स्किनच्या डॉक्टर त्या दिवशी वेळ नसताना आल्या. दारातच म्हणाल्या, ‘‘ताई, डोस लिहिण्याआधी मी किडनीचा आकडा बघायला हवा होता.’’ मी काय बोलणार. निदान त्यांनीच तर केलं होतं. शनिवारचा 2.3 दुसऱ्या कागदावर होता, औषधाचा चार्ट तिसऱ्याच संगणकात, आणि दोन्ही एकत्र फक्त माझ्या वहीत. त्यांच्यावर राग धरता येत नाही, आणि धरू नये असंही वाटत नाही. ते तसंच ठेवलंय.

बिलिंगबद्दल चार ओळी. वेगळ्या खोलीत आम्हाला हॉस्पिटलनं हलवलं, संसर्ग पसरू नये म्हणून. बिलात आलं ‘रुग्णाच्या विनंतीवरून सिंगल रूम’, फरक दिवसाला 4,200, नऊ दिवसांचे 37,800. कॅशलेसवाल्यांनी साहजिकच नाकारले. मी इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरच्या सहीचा कागद काढून दाखवला, तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणाला, सिस्टममध्ये दुसरा पर्यायच नाही. सिस्टममध्ये पर्याय नसेल तर पेनात असतो, म्हटलं. तीन तास लागले. पैसे कमी झाले. डिस्चार्ज सकाळी दहाला सांगितलेला, बाहेर पडलो सव्वासहाला.

घरी आल्यावर डिस्चार्जचा कागद नीट वाचला तर नागिणीचा उल्लेख नाही. लघवी अडली त्यापुढे प्रोस्टेट. त्या रात्रीच्या भ्रमापुढे ‘वयोमान’. म्हणजे उद्या दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांनी हा कागद बघून पुन्हा 800 पाच वेळा लिहिलं तर? दोन चकरा मारल्या, तिसऱ्यांदा किडनीचे डॉक्टर भेटले, त्यांनी उभ्या उभ्या हातानं लिहून शिक्का मारला. ज्यांचा पेशंट म्हातारा आहे त्यांनी गाडीत बसायच्या आधी तो कागद वाचा. काउंटरवर घाई करतात, करू द्या.

नळी घरी तीन आठवडे होती. ही मुकी पिशवी बहुतेक वेळा काही आठवड्यांत परत बोलायला लागते, असं सांगितलेलं. काढली त्या दिवशी नाना सकाळपासून बाथरूमच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते, जसे मिलच्या गेटवर बसायचे. अकरा वाजता झाली. आवाज ऐकून मी स्वयंपाकघरात बसून घेतलं. कुल्ल्यावरची आग मात्र अजून आहे. फोड सुकून तीन महिने होत आले तरी जाळणारं दुखणं राहतं काही जणांना, म्हाताऱ्यांना जास्त. रात्री नसांच्या दुखण्याची एक गोळी, प्रिगॅबॅलिन, तीही किडनी बघून कमी डोसची. धोतराचा काठ लागला तरी कळ येते म्हणून मऊ पायजमा शिवून आणलाय.

मी स्वतः त्रेपन्नची. नागिणीची लस आपल्याकडे 2023 पासून मिळते, शिंग्रिक्स, पन्नाशीनंतर दोन डोस, मध्ये दोन ते सहा महिने. त्यात जिवंत विषाणू नाही, म्हणून स्टिरॉइडवाल्यांनाही चालते. एकाला दहा हजारांच्या आसपास पडतात, महाग आहे. पहिला डोस घेतला, हात दोन दिवस ठणकला. नानांना पूर्ण बरं वाटल्यावर देऊ म्हणालेत. दादाचा पुण्याहून फोन आला, त्यालाही सांगितलं. त्यानं ‘बघतो’ म्हटलं, म्हणजे वहिनीला सांगायला हवं.

जीजींना भेटायला परवा गेले होते, गुळपोळ्या घेऊन. लिफ्टपाशीच भेटल्या. ‘‘बाबूजी का भोंगा बंद हुआ?’’ म्हणाल्या. त्यांना आता दुसऱ्या मजल्यावर टाकलंय, तेव्हा चौथ्या मजल्यावर खोली मिळत असेल तर घाई करू नका, दुसऱ्यावर विचारून बघा.

माझी वही नानांनी घेतलीये. लघवीचं मोजमाप अजून महिनाभर ठेवायला सांगितलंय, तर म्हणाले, हे माझं काम आहे, तुला रकाने आखता येत नाहीत. टाइम ऑफिसातल्या त्या तिरप्या अक्षरात रोज लिहितात. आज सकाळचं पान उघडं होतं म्हणून पाहिलं. 6.10, 220 मिली. शेऱ्याच्या रकान्यात: वेळेवर.